मुक्काम पोस्ट बाक झांग

आईने गुडघे टेकले, हात जोडले, डोळे मिटले आणि बुद्धाला चुकीचा पत्ता सांगितला.

"भक्त त्रिन्ह थी लुआ, वय एकसष्ट," ती पुटपुटत होती, "घर नंबर सतरा, विहिरीची गल्ली, थो सुओंग वॉर्ड, बाक झांग शहर, बाक झांग प्रांत..."

मागे उभ्या असलेल्या ख्वेने जीभ दातांत धरली.

गेल्या उन्हाळ्यात सरकारने नकाशा पुसून नव्याने काढला होता. थो सुओंग वॉर्ड गेला, शहर गेलं, आणि अख्खा बाक झांग प्रांत शेजारच्या बाक निन्हमध्ये साखरेसारखा विरघळला. बाक झांग हे नाव उरलं ते एका वॉर्डापुरतं. म्हणजे आईने सांगितलेल्या पत्त्यात घराचा नंबर आणि गल्ली सोडली, तर बाकीचं काहीच आता पृथ्वीवर नव्हतं.

ख्वेला चुकीचा पत्ता सहन होत नसे. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिची नोकरीच बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचण्याची होती. कुठल्या विहिरीचं पाणी, कोणी काढलं, कधी काढलं. चिठ्ठी चुकली की बाटली ओतून द्यायची, मग आतलं पाणी अमृत का असेना. तरीही आज, नव्या चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला, फात तिकच्या टेकडीवरच्या देवळात हजारो माणसांच्या रेटारेटीत, ती गप्प राहिली. कारण साधं होतं. ही बाटली ओतून दिली गेली, तर तिला हवंच होतं.

तिने कान थोच्या संशोधन केंद्रात अर्ज केला होता. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे समुद्राचं खारं पाणी दरवर्षी नदीतून वर चढतं आणि भाताची शेतं जाळतं. मुलाखत झाली होती. निकाल आजच लागायचा होता. घरात हे फक्त बाबांना माहीत होतं. आईला सांगायची हिंमत नव्हती, कारण दक्षिणेबद्दल आईचं मत पक्कं होतं: तिकडची माणसं माशाच्या कालवणातसुद्धा साखर घालतात, अशांवर विश्वास कसा ठेवायचा?

आणि नवं वर्ष लागल्यापासून थोआमावशी दिवसाआड घरी येऊन दातांच्या डॉक्टरच्या पुतण्याचं गुणगान करत होती. तेव्हा आई आज तीन-तीन देवळांत जाऊन काय मागणार, हे कळायला विज्ञानाची पदवी लागत नव्हती.

आईचं मागणं मात्र तिला ऐकू आलं नाही. पत्ता आई खणखणीत सांगायची आणि मागण्यापाशी आली की आवाज खाली घ्यायची.

"काय मागितलंस गं?" टेकडी उतरताना मावशीने विचारलं.

"बोलून दाखवलं की फुकट जातं," आई म्हणाली.

गाडीत बसल्यावर ख्वेला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाच राग आला. पत्त्यावाचून प्रार्थना पोहोचत नाही असं मानायचं, तर पत्त्यासकट पोहोचते हेही मानावं लागतं. तिने खिशातला फोन काढून पाहिला. निकाल नव्हता. मग खिशात ठेवला. मग पुन्हा काढला.

"सारखं काय बघतेस त्यात?" मावशीने मान वळवली. "त्या पुतण्याने फोन केला की काय?"

"मावशी, मी त्याला ओळखतसुद्धा नाही."

"दात बघ त्याचे एकदा. नुसते मोती!"

"दुकानदार स्वतःचाच माल वापरणार ना," बाबा गाडी चालवता चालवता म्हणाले. आरशातून त्यांनी ख्वेकडे पाहिलं आणि भुवई उडवली. ख्वेने मान हलवली: अजून काही नाही.

नदीवरच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती. तो पार करून ते दुसऱ्या देवळाला, बुत थापला पोहोचले, तेव्हा देवळाच्या आवारात धुपाचा असा धूर होता की माणसं खोकल्यावरून ओळखावी लागत होती. आत करुणामातेची हजार हातांची मूर्ती. प्रत्येक तळव्यात एक डोळा. आईने ताट चढवलं: संत्री, केळी, विड्याची पानं, वर चिकट भाताची मूद. गुडघे टेकले.

"...थो सुओंग वॉर्ड, बाक झांग शहर, बाक झांग..."

ख्वेने या वेळी जीभ आणखी घट्ट धरली. आईचं मागणं मनातल्या मनात मागून झालं. ती उठली. उदबत्ती जळून संपली, ताट उतरवलं गेलं, मावशीने प्रसादाचा भात मोडून तोंडात टाकला. सगळं सुरळीत पार पडलं होतं. आणि त्याच क्षणी, समाधानाने गुडघे चोळत आई म्हणाली, "चला, दोन ठिकाणी अगदी व्यवस्थित सांगून झालं."

"व्यवस्थित कुठे? पत्ता जुना होता," ख्वे म्हणाली.

शिंक यावी तसं ते आलं. अडवायला वेळच मिळाला नाही.

आईचा चेहरा हळूहळू उतरला. "कुठला पत्ता?"

"काही नाही."

"ख्वे!"

"आता वॉर्ड बाक झांग आणि प्रांत बाक निन्ह. शहर नाहीच. पण आई, काही फरक पडत नाही."

"फरक पडत नाही?" आईने हजार हातांकडे बोट केलं. "एवढ्या हातांनी वाटायचं, आज लाखो माणसं दारात उभी, आणि पत्ता नको? अगं, गॅसचा सिलिंडर येत नाही पत्त्यावाचून!"

मावशीचा घास तोंडातच राहिला. "लुआ, मीसुद्धा तोच सांगते गं. उन्हाळ्यापासून. दर पौर्णिमेला, दर अमावास्येला." तिने खाली वाकून पायाकडे पाहिलं. "म्हणूनच हा गुडघा!"

"मावशी, तुमचा गुडघा दहा वर्षं दुखतोय."

"पण वाढला कधी? उन्हाळ्यानंतरच ना!"

बाबांनी समजुतीचा सूर काढला. "अगं, आपल्या गल्लीचा क्षेत्रदेव आहे ना. तो जुना माणूस. जुन्या पत्त्यावर आलेलं तो बरोबर घरी पोहोचवेल."

"आणि त्याची बदली झाली असेल तर?" आई म्हणाली. "वॉर्डाच्या कचेरीतली निम्मी माणसं बदलून गेली. मी मागच्या महिन्यात गेले, तर ओळखीचा फक्त पंखा होता."



जवळून एक भिक्षुणी चालली होती. आईने तिला वाकून अडवलं आणि शंका विचारली. भिक्षुणी हसली. "बुद्धाला पत्ता लागत नाही हो. मन लागतं."

आईने तिला पुन्हा वाकून नमस्कार केला. ती लांब गेल्यावर म्हणाली, "त्यांना काय! जन्मभर एकाच देवळात. त्यांचा कुठे बदललाय पत्ता? ख्वे, फाटकाशी जा आणि नवीन संत्री आण. चढवून उतरवलेलं ताट पुन्हा चढवता येत नाही. पुन्हा सांगायचं."

"आई, इतक्या गर्दीत? एकाच घरातून दोनदा मागणं गेलं तर लोभी नाही का दिसणार?"

"पहिलं पोहोचलंच नाही, मग दोनदा कुठून?"

हा तर्क बिनचूक होता. ख्वेला आईचे बिनचूक तर्क आवडत नसत.

संत्री आणायला ती गेली खरी, पण गोगलगायीला लाज वाटेल अशा चालीने. टोपलीतलं एकेक संत्रं तिने उचललं, दाबलं, वास घेतला, देठ पाहिला. विकणारी बाई कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ताई, देवाला द्यायचीत की आजारी माणसाला?"

"नीट बघून घ्यावीत."

"मग लग्नच करून टाका एखाद्याशी!"

ख्वेने फोन पाहिला. काही नव्हतं. तिच्या हिशेबाने आत्तापर्यंत आई कंटाळायला हवी होती. पण ती परत आली तेव्हा आई वेदीच्या कडेला मोक्याची जागा धरून उभी होती, हातात ताट मात्र नव्हतं. ते मावशीच्या मांडीवर होतं आणि त्यात भात सांडलेला होता. शेजारी हाई झुओंगकडचं एक कुटुंब भलंमोठं ताट मांडून बसलं होतं. आईने त्यांच्या म्हाताऱ्या आजीकडे पाहून खुणेनेच विचारलं, आजीने खुणेनेच मान डोलावली, आणि आईने ख्वेच्या हातातली संत्री घेऊन त्या ताटाच्या कडेला ठेवली. तेवढ्यात आजीने हात जोडून खड्या आवाजात सुरुवात केली.

"...हाई झुओंग प्रांत. माते, या घरातल्या लेकीबाळींची कूस उजवू दे. वर्ष संपायच्या आत मांडीवर नातू दे. जुळे दिलेस तरी सांभाळू."

आई ओरडली, "थांबा!"

अर्धी मंडळी वळून बघायला लागली.

"माझी संत्री आहेत त्यात!" आई म्हणाली. "ती गेली तुमच्या मागण्यात!"

"मग गेली तर गेली, पुण्य लागेल तुम्हाला," आजी म्हणाली.

"पुण्य नाही, नातू लागेल! माझी मुलगी बिनलग्नाची आहे हो!"

"आई!" ख्वे म्हणाली. सगळ्या रांगेने तिच्या पोटाकडे पाहिलं.

"जुळे म्हणाली ती," मावशीने घाबरून आठवण करून दिली. "लुआ, त्या डॉक्टरला काय तोंड दाखवायचं?"

"मीच मागितलं आणि मलाच मिळणार," आजी फणकारली. "मी पत्ता सांगितलाय. गाव, तालुका, हाई झुओंग प्रांत. चूक व्हायची सोयच नाही."

आई क्षणभर थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर ख्वेने अगदी जवळून ओळखलेला एक भाव आला. दुसऱ्याची चूक सापडल्यावर येतो तो. तो आपल्याकडे कुठून आला, हे ख्वेला त्या दिवशी कळलं.

"हाई झुओंग प्रांत आता नाहीच," आई म्हणाली. "हाई फोंगमध्ये गेला तो. आणि तालुके तर देशातूनच गेले."

आजीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे बघू लागला. मागच्या ओळीत कुणीतरी म्हणालं, "अरे देवा, मीपण थाई बिन्ह सांगितलं." त्याच्या मागून आवाज आला, "म्हणजे आमचंही गेलं?" बघता बघता सबंध गाभाऱ्यात कुजबुज पसरली. उतरवलेली ताटं माणसं पुन्हा उचलू लागली, काहींनी अर्धी सोललेली केळी परत सालीत घातली.

"माझ्या लेकीला विचारा," आईने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "तिच्याकडे फोनवर आहे सगळं. शिकलेली आहे."

ख्वे खांबाला टेकून उभी होती. दोन मिनिटांत ती खांबासकट गर्दीत दिसेनाशी झाली.

"ताई, थाई बिन्ह?"

"हुंग येन."

"मॅडम, हा नाम प्रांत बघा ना."

"निन्ह बिन्ह."

"आणि नाम दिन्ह?" छातीवर पदक लावलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"तेही निन्ह बिन्ह, आजोबा."

"मी निन्ह बिन्हचा?" म्हातारा हादरला. "बाळ, नीट बघ. माझी बायको निन्ह बिन्हची. चाळीस वर्षं मी तिला तिच्या गावावरून बोलतोय!"

"आता आपलंच गाव म्हणून बोला," मागून बाबा म्हणाले.

माणसं खांद्यावरून वाकून पडद्यात बघत होती. एका बाईने गल्लीचं नाव शोधायला फोन स्वतःच्याच हातात घेतला. मधूनच पडद्यावर काहीतरी आडवं येत होतं, ते कुणी ना कुणी अंगठ्याने बाजूला सारत होतं. ख्वे एकामागून एक वॉर्ड सांगत होती, दुसऱ्याच्या तोंडचे चुकलेले उच्चार सुधारत होती, आणि खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. आईला अडवायचं होतं हे तिच्या ध्यानातून पार गेलं.

गोंगाट एवढा वाढला की एका वृद्ध भिक्षूने उठून मोठ्या घंटेवर लाकडी दांडा हाणला. घंटेचा नाद छताला जाऊन भिडला आणि सगळे चिडीचूप झाले. सगळे, एक सोडून. आईने कुणाच्या तरी ताटाशेजारी रिकामी जागा बघून केव्हाच गुडघे टेकले होते. गोंगाटात स्वतःचंच स्वतःला ऐकू यावं म्हणून ती ओरडून मागत होती, आणि तिचं वाक्य अर्ध्यावर होतं.

"...बाक झांग वॉर्ड, बाक निन्ह प्रांत! माते, माझ्या ख्वेला ती कान थोची नोकरी मिळू दे! तिला वाटतं मला ठाऊक नाही!"

तो आवाज हजार हातांवर आपटून परत आला. आईने डोळे उघडले.

ख्वेने बाबांकडे पाहिलं. बाबा छताचं लाकूडकाम अभ्यासू लागले.

"बाबा, तुम्ही सांगितलंत?"

"त्याच रात्री," आईने परस्पर उत्तर दिलं. "ह्यांच्या पोटात चहासुद्धा टिकत नाही, गुपित काय टिकणार?"

"आणि तू... तू मला पाठवायला निघालीस?"

"मग काय करू?" आई उठली, गुडघे झटकले. "दिवसातून शंभर वेळा फोन बघतेस. रात्री खोलीत येरझाऱ्या घालतेस. माझ्या मिठाच्या डब्यावर चिठ्ठी लावलीस, मीठ म्हणून! तीस वर्षं मला ठाऊक नव्हतं त्यात काय आहे ते! जा बाई कान थोला. तिकडे नदीत मीठ आहे म्हणतात, ते मोज."

लोक हसले. हाई झुओंगची आजी डोळे पुसत म्हणाली, "पाठवा हो. माझी एक गेली सायगॉनला. आता फोनवर तरी गोड बोलते."

ख्वेच्या डोक्यात आता दुसरंच चक्र फिरायला लागलं. सकाळपासून जे मागणं बुडावं म्हणून ती जीभ चावत होती, ते तिचंच होतं. आणि त्यातला फात तिकचा हिस्सा नाहीशा झालेल्या प्रांतात जाऊन पडला होता.

"आई, चल," तिने आईचा दंड धरला. "फात तिकला परत जाऊ."

"आता? पुलावर गाड्यांची रांग आहे. एका ठिकाणी नीट पोहोचलं, पुरे झालं."

"पुरे कसं? तीन देवळं म्हणजे तीन! एक नमुना बाद झाला की मोजणीच बाद."

"तूच म्हणालीस ना, फरक पडत नाही?"

"ते मला माहीत नव्हतं तेव्हा!"

"काय माहीत नव्हतं?"

ख्वे गाडीत जाऊन पुढच्या सीटवर बसली आणि बाबांना गाडी पुलाकडे वळवायला सांगू लागली. बाबा म्हणाले, तिसरं, झाऊचं देऊळ जवळ आहे, आधी ते करू. मावशी म्हणाली, तिचा गुडघा नव्या पत्त्यावर सांगून झाल्यापासून हलका वाटतोय, आता कुठेही चला. वाद चालू असतानाच फोन हातात घेतलेली ती बाई धावत काचेपाशी आली. "ताई, तुमचा फोन! माझ्याच हातात राहिला बघा. आणि मघापासून काहीतरी सारखं येतंय, मी आपलं बाजूला करत होते."

ख्वेने पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग फोन बाबांच्या हातात दिला, कारण तिला अक्षरं दिसेनाशी झाली होती.

"झाली!" बाबा ओरडले. "निवड झाली! पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं!"

मावशीने प्रसादाचं केळं ख्वेच्या तोंडात कोंबलं. आईने दोन्ही हात गालांवर ठेवले.

"किती वाजता आलं ते?" तिने विचारलं.

बाबांनी वेळ वाचली. ख्वे संत्री निवडत होती, त्यानंतर लगेचची ती वेळ होती. आईने बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे मी नवीन पत्ता सांगायच्या आधी," ती म्हणाली. "म्हणजे जुन्यावर बरोबर पोहोचत होतं! आणि तू सगळ्या देवळाला कामाला लावलंस!"

"मी?" केळ्यातून ख्वे कशीबशी म्हणाली. निकाल गेल्याच आठवड्यात कुठल्यातरी बैठकीत ठरला असणार, असं तिला सांगायचं होतं. आज पहिल्यांदाच तिला ते गिळता आलं.

झाऊच्या देवळात तिन्हीसांजेची गर्दी ओसरत आली होती. तिथली काळीसावळी, उंच देवी मेघमाता दिव्यांच्या उजेडात डोळे मिटून बसली होती. मागण्यासारखं काही उरलं नव्हतं, फक्त आभार मानायचे होते. मावशीने तेवढ्यात पुतण्यासाठी दुसरी मुलगी मागून घेतली. बाबा काही न मागता उठले.

आईने गुडघे टेकले. ख्वे मुद्दाम तिच्या मागे, अगदी जवळ जाऊन उभी राहिली. पत्ता तपासायला, असं तिने स्वतःला सांगितलं.

"भक्त त्रिन्ह थी लुआ, वय एकसष्ट. घर नंबर सतरा, विहिरीची गल्ली, बाक झांग वॉर्ड, बाक निन्ह प्रांत."

बिनचूक. मग आवाज खाली गेला, पण ख्वे या वेळी पुरेशी जवळ होती.

"माते, दिलंस त्याबद्दल आभार. आता तिला तिकडे फार करमू देऊ नकोस. दोन वर्षांत इकडची बदली दे. नदीतलं मीठ कमी केलंस तरी चालेल, म्हणजे काम संपेल." आई थांबली, नाक ओढलं. "पोरीचं नाव दाम थू ख्वे. मुक्काम कान थो. गल्ली, नंबर अजून कळला नाही. कळला की पुढच्या पौर्णिमेला येऊन सांगते. तोवर तुझ्याकडेच राहू दे."

ख्वेने तोंड उघडलं. कान थोमध्येही गेल्या वर्षी दोन प्रांत येऊन मिसळले होते, त्यामुळे नुसतं कान थो म्हणणं अगदीच मोघम होतं. दिव्याच्या उजेडात तिला आईची वाकलेली मान दिसली.

तिने तोंड मिटलं आणि आईच्या शेजारी गुडघे टेकले.